बाटली टाकू नका



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्या सरांच्या घरी मी शाळकरी वयात जात असे. माजघराच्या दाराआड खिळ्याला एक वाकवलेली तार टांगलेली असायची. तिच्यात किराण्याची, विजेची, पुस्तकांची बिले ओवलेली असायची आणि त्यांतच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांच्या पावत्या. घरातले माणूस बरे झाले म्हणून त्याची चिठ्ठी सर काढून टाकत नसत. पुढे मी वकील झालो, औषधांपायी इजा झालेल्या माणसांची प्रकरणे माझ्याकडे येऊ लागली, तेव्हा त्या तारेची किंमत मला कळली.

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली बाई काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. तिच्या शेतकरी नवऱ्याला फिट येत असे, म्हणून डॉक्टरांनी कार्बामाझेपिनच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याला ताप भरला, तोंड आतून सोलले गेले, डोळे चिकटले, आणि पाठोपाठ अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटू लागली. वैद्यकात याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. माणूस वाचला, पण नजर जवळजवळ गेली. बाईने रुमालाची गाठ सोडून चार गोळ्यांचा एक तुकडा माझ्यासमोर ठेवला. त्या तुकड्यावर कंपनीचे नाव अर्धे होते. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पट्टीच्या दुसऱ्या टोकाला असते, आणि ते टोक दुकानात राहिले होते. मी बिल मागितले. ती म्हणाली, "वकीलसाहेब, पट्टी कापून देली न जी त्यानं, बिल कायचं देते?"

गोळी कोणत्या कंपनीची, कोणत्या दुकानातली, हे सिद्ध करता येत नव्हते. डॉक्टरांची चिठ्ठी फिट थांबल्यावर चुलीत गेली होती. मी तिला चहा दिला आणि परत पाठवले. त्या दिवशी मी तिच्यासाठी काही करू शकलो नाही. या व्याख्यानात मला जे सांगायचे आहे ते सारे तिच्या त्या रुमालात होते. औषधाने नुकसान झालेल्या रुग्णाला आपला कायदा मार्ग देतो, आणि ते मार्ग लोकांना वाटते त्यापेक्षा बरे आहेत. पण त्यांतला प्रत्येक मार्ग घरातल्या बाटलीपासून आणि बिलापासून सुरू होतो. आणि कोणाचीच चूक नसताना इजा झाली, तर हाच कायदा त्याला रिकाम्या हाताने माघारी धाडतो. पहिली गोष्ट आपल्या हातात आहे. दुसरीवरचा उपाय सरकारकडून मिळवावा लागेल.

आपण नागपुरात बसलो आहोत. इथून सव्वाशे किलोमीटरवर छिंदवाडा आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या जिल्ह्यातल्या परासिया भागातली लहान मुले एकामागून एक आपल्या शहरातल्या रुग्णालयांत आणली जात होती. आधी साधा सर्दी-खोकला, मग लघवी बंद, मग मूत्रपिंडे निकामी. वीसहून अधिक मुले गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांना कोल्ड्रिफ नावाचे खोकल्याचे औषध दिलेले होते. ते तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या स्रेसन फार्मास्युटिकल्सच्या कारखान्यात तयार झाले होते. तमिळनाडूच्या औषध प्रयोगशाळेने एसआर-१३ या बॅचचा नमुना तपासला, तेव्हा त्यात डायथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. कारखाना बंद झाला, मालकाला अटक झाली, राज्याराज्यांत ते औषध परत मागवले गेले. हे सगळे घडले ते बॅच नंबर हाती लागल्यामुळे.

या विषाची मराठी माणसाला जुनी ओळख आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोक्यातला आणि डोळ्यांतला दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल पाजले गेले आणि चौदा जण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. ग्लिसरॉल म्हणून जे आले होते त्यात हेच डायथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. औषध कोणी पुरवले, कोणी घेतले, कोणी न तपासता पुढे ढकलले, अन्न व औषध प्रशासनात काय चालत होते, मंत्रालयातून कोणाचे फोन जात होते, हे सगळे त्यांनी उघड केले. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. एवढ्या निर्भीडपणे लिहिलेला दुसरा सरकारी चौकशी अहवाल माझ्या वाचनात नाही. नव्या वकिलांनी आणि औषध निरीक्षकांनी तो मुळातून वाचावा अशी माझी विनंती आहे.

अमेरिकेत १९३७ मध्ये याच विषाने शंभरावर माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला. औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवणे कंपनीला भाग पडले. आपल्याकडे १९४० पासून औषधांचा कायदा आहे, तरी मुंबईत १९८६, जम्मूतल्या उधमपूर जिल्ह्यात २०१९-२०, आणि छिंदवाड्यात २०२५, एकच विष पुन्हा पुन्हा रुग्णांच्या चमच्यात उतरत राहिले. याचा मला राग येतो, आणि तो लपवायचे मला काही कारण दिसत नाही.

आता त्या १९४० च्या कायद्याकडे येऊ. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम असे त्याचे नाव. लोकांची समजूत अशी की हा कायदा फक्त औषध निरीक्षकासाठी आहे. त्याचे कलम २६ काढून पाहा. औषध विकत घेतलेली कोणतीही व्यक्ती, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, ठरलेली फी भरून ते औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते, आणि विश्लेषकाच्या सहीचा अहवाल तिला मिळतो. गेल्या तीस वर्षांत मी जिथे जिथे बोललो तिथे विचारले, हे कलम कोणी वापरले आहे का? हात वर होत नाहीत. आणि वापरायचे तर बाटली हवी. उरलेले औषध तसेच झाकण लावून ठेवा, दुसऱ्या बाटलीत ओतू नका, लेबल खरवडू नका. त्याच दुकानात त्याच बॅचची सीलबंद बाटली मिळत असेल तर बिलासह विकत घेऊन ठेवा, कारण उघड्या बाटलीत नंतर काही मिसळले असा बचाव हमखास येतो.

कलम ३२ नुसार खटला भरण्याचा अधिकार औषध निरीक्षकाबरोबरच बाधित व्यक्तीलाही आहे आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेलाही. पोलिसांत जाऊन या कायद्याखाली एफआयआर नोंदवावा असे पुष्कळांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशोककुमार शर्मा खटल्यात सांगितले की औषधांविषयीच्या चौथ्या प्रकरणातल्या गुन्ह्यांसाठी पोलिसांना एफआयआर नोंदवता येत नाही. तो रस्ता अन्न व औषध प्रशासनातून जातो. हयगयीने मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ पोलिसांकडे आहेच.

आणि कलम २७. भेसळीच्या किंवा बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्यासारखी असेल तर किमान दहा वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. दंड किमान दहा लाख रुपये, किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल ते. २००८ च्या दुरुस्तीने यात एक फार माणुसकीची ओळ आली. वसूल झालेला हा दंड सरकारजमा होत नाही. तो ज्याने औषध घेतले त्याला, आणि तो हयात नसेल तर त्याच्या नातेवाइकांना, भरपाई म्हणून द्यायचा आहे. मात्र त्याच कलमात एक शब्द अडून बसला आहे. इजा केवळ त्या औषधाच्या दोषामुळेच झालेली असली पाहिजे. आधीपासून मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाला विषारी औषध दिले गेले तर बचाव पक्षाचा वकील पहिल्यांदा त्या 'केवळ'वर बोट ठेवतो. म्हणून शवविच्छेदन नाकारू नका. ते सोसत नाही, मला माहीत आहे. लहान मूल गेल्यावर आईबापांना हे सांगणे किती अवघड असते तेही मी अनुभवले आहे. तरी सांगतो, नाकारू नका.

फौजदारी खटल्यातून शिक्षा होते, घर चालत नाही. घरासाठी ग्राहक कायदा. १९८६ चा पहिला ग्राहक संरक्षण कायदा २४ डिसेंबरला मंजूर झाला, जे. जे. च्या मृत्यूंच्याच वर्षी. आताचा कायदा २०१९ चा आहे आणि जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या सहाव्या प्रकरणात उत्पादन-दायित्व ही नवी तरतूद आली. मालाच्या घडणीत दोष, त्याच्या आराखड्यात दोष, ठरलेल्या प्रमाणापासून ढळणे, दिलेली हमी खोटी ठरणे, वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा नसणे, यांपैकी काहीही दाखवता आले तर उत्पादक जबाबदार. या यादीत 'हयगय' हा शब्द नाही. कारखान्यात कोणी झोपा काढल्या हे रुग्णाने शोधून काढायचे नाही, औषध सदोष होते एवढे दाखवायचे.

याच प्रकरणातले कलम ८६ मी औषध दुकानदारांच्या सभेत नेहमी वाचून दाखवतो. मालाचा उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोचवता येत नसेल, तर विक्रेता स्वतः जबाबदार. वर्ध्याच्या त्या बाईला कापलेल्या पट्टीबरोबर साधे बिल मिळाले असते, तर निदान दुकानदाराला तरी ग्राहक आयोगासमोर उभे करता आले असते.

पैशांची भीती मनातून काढा. आयोगाची हद्द आता मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, मालासाठी दिलेल्या पैशांवरून ठरते. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे. आपले औषध दोनशे रुपयांचे असो की वीस हजारांचे, भरपाई एक कोटीची मागितली तरी तक्रार जिल्ह्यातच चालेल, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी शून्य. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी हैदराबादची असो की हिमाचलची, तिला आपल्या गावी यावे लागते. रुग्ण गेला असेल तर वारस तक्रार करू शकतात. मुदत मात्र दोन वर्षे. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करतो, पण त्यावर विसंबू नका. प्रयोगशाळेच्या तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे जातात, हे तुमच्यापासून लपवणे बरोबर होणार नाही.

औषध चांगले होते पण देणाऱ्याचे चुकले, हा वेगळा भाग. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात ठरवले. डॉ. कुणाल साहा यांचे प्रकरण तुम्ही वाचले असेल. १९९८ मध्ये कोलकात्यात त्यांच्या पत्नीला अंगावर पुरळ उठले म्हणून दीर्घकाळ असर करणाऱ्या स्टेरॉइडची ८० मिलिग्रॅमची इंजेक्शने दिवसातून दोनदा दिली गेली. त्यांना कातडी सुटण्याचा तोच आजार झाला, वर्ध्याच्या त्या बाईच्या नवऱ्याला झालेल्या आजाराचे अधिक उग्र रूप. त्यांना मुंबईला आणले, आणि मे महिन्यात मुंबईतच त्या गेल्या. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हयगय झाल्याचे ठरवले आणि २०१३ मध्ये सुमारे सहा कोटींची भरपाई दिली. नवरा स्वतः डॉक्टर, अमेरिकेत राहणारा, आणि तरी पंधरा वर्षे. डॉक्टरांवर फौजदारी खटला भरायचा तर सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानुसार गंभीर स्वरूपाची हयगय दाखवावी लागते, आणि ते योग्यच आहे. भीतीने औषध लिहिणारा डॉक्टर आपल्याला नको. औषध नियंत्रकांनी लावलेला इशारा न वाचता लिहिणाराही नको. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे सांगून लेबलवर तसा इशारा छापायला लावला होता. कोल्ड्रिफमध्ये ही दोन्ही औषधे होती, आणि छिंदवाड्यात दगावलेल्यांत चार वर्षांखालची मुले होती.

इशाऱ्याचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. ग्राहक कायद्याच्या कलम ८७ मध्ये उत्पादकाला एक पळवाट आहे. औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचे असेल आणि कंपनीने तज्ज्ञाला, म्हणजे डॉक्टरांना, इशारा पोचवण्याचे वाजवी प्रयत्न केले असतील, तर रुग्णाला इशारा दिला नाही म्हणून कंपनी जबाबदार नाही. कागदावर हे ठीक दिसते. कंपनीने डॉक्टरांना सांगायचे, डॉक्टरांनी रुग्णाला. आता आपला बाह्यरुग्ण विभाग डोळ्यांसमोर आणा. सकाळी नऊपासूनची रांग, दीड मिनिटात तपासणी, इंग्रजीतली चिठ्ठी. वर्ध्याच्या त्या शेतकऱ्याला कोणी एवढेच सांगितले असते, 'अंगावर पुरळ उठले किंवा तोंड आले तर गोळी त्याच दिवशी बंद कर आणि इकडे ये,' तर त्याची नजर कदाचित वाचली असती. मराठी रुग्णाला मराठीत इशारा मिळणे हा मी त्याचा हक्क मानतो, आणि यासाठी कोणीतरी उच्च न्यायालयात जायला हवे.

आणि ज्याने पैसेच दिले नाहीत त्याचे काय? शांता निकालाने ठरवले की जिथे सर्वांनाच सेवा मोफत मिळते तिथला रुग्ण ग्राहक नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळी घेणारा आदिवासी, जिल्हा रुग्णालयातली बाळंतीण, हे ग्राहक आयोगात जाऊ शकत नाहीत. ज्यांच्याकडे सगळ्यांत कमी आहे त्यांनाच हे दार बंद. त्यांच्यासाठी दिवाणी दावा आहे, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहे, आणि मानवी हक्क आयोग आहे. या शेवटच्या मार्गाला कमी लेखू नका. उधमपूर जिल्ह्यातल्या रामनगरची मुले गेली तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने प्रत्येक कुटुंबाला तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली. औषध विभागाने आपले काम केले नाही, म्हणून शासन जबाबदार, असा त्याचा अर्थ होता. प्रशासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. तीन लाख फार थोडे आहेत. पण औषध तपासणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि ते चुकले तर पैसे मोजावे लागतात, हे त्या प्रकरणाने ठरून गेले.

उरला तो प्रश्न, ज्यावर मी अजून उत्तर शोधतो आहे. औषध चांगले, डॉक्टर चांगले, मात्रा बरोबर, इशाराही दिलेला, आणि तरी हजारांतल्या एखाद्याची कातडी सुटते. कोणावर दावा लावायचा? आपल्या कायद्यात उत्तर नाही. गंमत नव्हे, अन्याय असा की हेच औषध बाजारात येण्यापूर्वी चाचणीत असते तर उत्तर होते. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार चाचणीत इजा झालेल्याला लागेल तोवर मोफत उपचार आणि सूत्राने ठरलेली भरपाई मिळते. औषधाला मान्यता मिळाली की दुसऱ्या दिवसापासून तोच माणूस निराधार.

जपानने यातून मार्ग काढला. तिथे क्लिओक्विनॉल या जुलाबावरच्या औषधाने दहा हजारांवर लोकांच्या नसा निकामी झाल्या, काहींची दृष्टी गेली. १९७० मध्ये औषधावर बंदी आली. एन्टेरो-व्हायोफॉर्मच्या गोळ्या आपल्या घरांतही होत्या, इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवतील. खटल्यांनंतर जपानने १९८० मध्ये एक निधी सुरू केला. औषध कंपन्या दरवर्षी त्यात पैसे भरतात. औषध नीट वापरूनही गंभीर इजा झाली, तर रुग्णाने कोणाची चूक सिद्ध करायची नाही. उपचाराचा खर्च मिळतो, अपंगत्व आले तर पेन्शन मिळते, मृत्यू झाला तर कुटुंबाला पैसे मिळतात. हा निधी आपल्याकडे का असू नये? भारत स्वतःला जगाचे औषधालय म्हणवतो. मग औषधाने आंधळ्या झालेल्या वर्ध्याच्या शेतकऱ्याला कोणीतरी महिन्याचे धान्य दिलेच पाहिजे. विक्रीच्या दर रुपयामागे पैसा दोन पैसे कंपन्यांनी बाजूला काढावेत आणि त्यातून ते द्यावे. आपल्या खासदारांना, आमदारांना हे पत्राने विचारा. मी दरवर्षी विचारतो, आणि विचारत राहणार आहे.

निधी येईल तेव्हा येईल. तोवर आजपासून एवढे करा. औषधाच्या दुकानात बिल मागा आणि त्यावर बॅच नंबर आहे ना ते पाहा. पट्टी कापून घ्यायची वेळ आली तर नंबर असलेला तुकडा आपल्याकडे घ्या, किंवा मोबाइलवर पूर्ण पट्टीचा फोटो काढा. चिठ्ठी जपून ठेवा. तार नसेल तर पिशवी चालेल. औषधाने काही विपरीत झाले असे वाटले तर डॉक्टरांना सांगा आणि स्वतःही कळवा. भारतीय औषधकोश आयोगाच्या औषध-सतर्कता कार्यक्रमाला रुग्ण थेट कळवू शकतो, त्याचा अर्ज मराठीत मिळतो, आणि फोन करायला पैसे पडत नाहीत. क्रमांक लिहून घ्या: १८००-१८०-३०२४.